आस्मुंडच्या इंजिनाचे चार बोल्ट

"चारच बोल्ट तर बदलायचेत! रविवारी दुपारी इंजिन गायला लागेल, बघशील तू!"

ओड्वारने ही घोषणा केली तेव्हा बोरघिल बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या घोषणा खाली मान घालूनही नीट ऐकू येतात.

रविवारी ओड्वारचे वडील आस्मुंड नव्वदी पूर्ण करणार होते. म्हातारबुवा खाडीच्या तोंडाशी वृद्धाश्रमात राहत. त्यांनी भेट एकच मागितली होती: "माझ्या होडीचं इंजिन एकदा ऐकव. बाकी काही नको." एका सिलिंडरचं ते इंजिन त्यांनी उमेदीच्या काळात घेतलेलं, आणि आता होडीच्या शेडमध्ये गंजत पडलेलं. ते ठीक करायचं आणि वृद्धाश्रमासमोरून होडी न्यायची, बास!

त्या खाडीत होडी कुणाची आली हे कुणी डोळ्यांनी बघत नाही. धुक्यात दिसतंय काय डोंबल! प्रत्येक इंजिनाचा ठोका वेगळा. तो ऐकूनच बायका नवऱ्यासाठी बटाटे चुलीवर चढवतात.

तर, बोल्ट. जुने गंजून वाळक्या मिरच्यांसारखे झाले होते. ओड्वारने शहरातून नवे कोरे आणले. पहिला बोल्ट दोन वेढे सुखाने आत गेला आणि तिसऱ्याला रुसलेल्या जावयासारखा उंबऱ्यातच अडून बसला. आटे जुळेनात! मिलिमीटरवाले झाले, इंचवाले आणले, तेही अडले. इंजिन बनवणारा कारखानदार पलीकडच्या गावचा, आणि त्या सद्‌गृहस्थाचा ना इंचावर विश्वास होता, ना मिलिमीटरवर. आटे तो स्वतःच्या मर्जीने पाडायचा, आणि मर्जी बरोबर घेऊनच तो वारला होता.

ओड्वारने तेल घालून पाहिलं, शिव्या घालून पाहिलं. शेवटी पान्याला लांबलचक पाइप अडकवून त्यावर सगळं अंग टाकलं.

टक्!

बोल्ट तुटला असता तर बरं झालं असतं. तडकला होता सिलिंडर!

"स्वेरेकडे जा," बोरघिल म्हणाली.

"मरेन, पण त्या शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही!"

कॉफी निवायच्या आत तो स्वेरेच्या दारात होता. स्वेरेकडे त्याच कारखान्याच्या इंजिनांची जोडी होती. एक होडीत, दुसरं सुट्या भागांसाठी.

"तू बोल्ट बदलत होतास ना?" स्वेरेने चौकटीला टेकून विचारलं. "मग सिलिंडर कसा फुटला?"

"फुटला नाही. थोडा उघडलाय."

"घेऊन जा लेका! तुझ्या बाबांकडे बघून देतोय. तुझ्याकडे बघून तर मी चमचाही दिला नसता!"

स्वेरेचा सिलिंडर बसला. पण त्यावर ओड्वारचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसेना, भोकं केसभर सरकलेली. मग स्वेरेचं हेड. त्या हेडला धुराचा पाइप बसेना. स्वेरेचा पाइप. त्या पाइपला सायलेन्सर बसेना. हातगाडीच्या इतक्या खेपा झाल्या की स्वेरेने दार उघडंच ठेवलं. शनिवारी आस्मुंडच्या इंजिनात आस्मुंडचं म्हणावं असं फक्त एक मोठं चाक उरलं होतं, आणि नावाची पितळी पट्टी. पट्टीचे स्क्रू मात्र पहिल्या फटक्यात बसले. ओड्वारला रडू आलं.

पण इंजिन सुरू झालं! खाडीत एक फेरी मारून ओड्वार विजयी वीरासारखा घरी आला. चूल थंड. बोरघिल विणत बसलेली.

"बटाटे कुठायत?"

"तू होतास होय? मला वाटलं, स्वेरे चाललाय."

ओड्वार मटकन खाली बसला. "अगं, मग बाबा..."

"सांगून टाक त्यांना."

"काय सांगू? तुमचं इंजिन दुरुस्त करता करता संपलं?"

त्याने सायलेन्सरमध्ये लोकरीचे मोजे कोंबून पाहिले. स्वेरेला पडसं झाल्यासारखं वाजलं.

रविवारी धुकं दाट होतं. होडी वृद्धाश्रमासमोर आली. व्हरांड्यात घोंगडी लपेटून बसलेल्या आस्मुंडचा आवाज धुक्यातून आला.

"कोण, स्वेरे का रे?"

ओड्वारने तोंड उघडलं.

"काय गोड वाजतंय रे इंजिन तुझं! कुणी जुळवलं?"

ओड्वारचं तोंड उघडंच राहिलं. साठ वर्षांत बापाने त्याच्या कुठल्याही कामाला गोड म्हटलं नव्हतं.

"आमच्या गाढवालाही शिकव जरा! चार बोल्ट बदलायला गेलाय, अजून पत्ता नाही!"

खरं सांगावं तर बाबांचं इंजिन गेलं, न सांगावं तर बाबांचा वाढदिवस गेला. ओड्वारने तोंड मिटलं, होडी तशीच पुढच्या वळणाआड नेली आणि छानपैकी चालणारं इंजिन बंद केलं. मग वल्ही काढली आणि घाम गाळत परत मागे वल्हवत आला.

"सुरू झालं नाही ना इंजिन?" आस्मुंडनी वल्ह्यांची चुबुकचुबुक ऐकून विचारलं.

"नाही, बाबा."

"मला ठाऊकच होतं. ये, केक खा. आत्ता स्वेरे गेला, ऐकलंस?"

"ऐकलं."

"तसं वाजायचं बघ आपलं!" म्हातारा हळवा झाला. "अगदी तस्संच. पुढच्या वर्षी त्यालाच हात लावू दे."

"हो, बाबा," ओड्वार म्हणाला, आणि केकवरचं क्रीम आणखी थोडं वाढून घेतलं.