तिसऱ्या हाकेचे भोईर सर

भोईर सरांनी पहिल्या हाकेला कधी ओ दिल्याचं कोणी ऐकलेलं नाही. दुसऱ्या हाकेला त्यांची मान जराशी हलायची, तेवढंच. तिसऱ्या हाकेला मात्र खणखणीत "हां, बोला!" यायचं, आणि वर विचारायचे, "कधीपासून हाका मारताय?"

नवे मॅनेजर आले तेव्हा त्यांना वाटलं, माणूस बहिरा आहे. त्यांनी सरांना कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे कंपाउंडरने "भोईर! भोईर!" असं दोनदा पुकारलं आणि पुढचा पेशंट आत सोडला. असं चार वेळा झालं. सर दहा वाजता गेलेले, ते दीड वाजता कान न दाखवताच परत आले. "तिसऱ्यांदा बोलवायला त्याचं तोंड दुखत होतं काय?" हा त्यांचा सवाल.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी डोंबिवलीची, नुकतीच ठाण्याजवळ कोलशेतला एका शाईच्या कारखान्यात कॉम्प्युटर सेक्शनला लागलेले. सेक्शन म्हणजे काय, तर एक एसी खोली, दोन पीसी, कोकलणारा एक प्रिंटर आणि भोईर सर. छापखान्यांच्या शाईत कुठला रंग किती मिसळायचा, ती सगळी प्रमाणं त्या पीसीत होती. मला सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. सहा महिन्यांनी कायम करणार, नाहीतर नमस्कार. वडील रिटायर झालेले, धाकटा भाऊ शिकत होता, त्यामुळे नमस्कार परवडणार नव्हता.

सर कोलशेत गावचेच. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेलं. तिसऱ्या हाकेचं खूळ तिथलंच.

"आमच्याकडं सांजच्याला बांधावरून कोनी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाय," ते सांगायचे. "आवाज वळखीचा असतो, मानूस नसतो. पन तो दोनदाच हाक मारतो. तिसऱ्यांदा मारतो तो आपला मानूस."

"सर, इथे भरदिवसा एसीत कुठलं आलंय भूत?"

"इथंच तर जास्त आहेत!" म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तांत्रिक बोलायला लागले की सर एकदम शुद्ध बोलायचे. "अगं, कॉम्प्युटरच्या मेमरीत अगदी सुरुवातीला एक यादी असते. कुठल्या कामाला कुठे जायचं, त्याचे पत्ते. प्रोग्रामला डिस्कवर काही लिहायचं असलं की तो यादी बघतो आणि त्या पत्त्यावर हाक मारतो. तिथून ओ येते, काम होतं. व्हायरस काय करतो? हळूच शिरतो, यादीतला पत्ता खोडतो, स्वतःचा घालतो. आता हाक खऱ्याच्या नावाची आणि ओ देतो हा मेला! पाहिजे तो धुडगूस घालतो आणि वर साळसूदपणे काम खऱ्याकडे पाठवून देतो. कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून म्हणतो, काम झालं की नाही ते नंतर. आधी ओ कोणी दिली ते बघ."

"ओ कोणी दिली ते बघ" हे वाक्य मी दिवसातून वीसेक वेळा ऐकायचे. फोनवर मॅनेजरसाहेब "मी बोलतोय" म्हणाले तरी सर फोन ठेवायचे आणि उलटा त्यांचा नंबर फिरवायचे. साहेब शेजारच्याच केबिनमध्ये बसायचे. भिंतीतून त्यांचा वैताग आम्हाला फोनच्या आधी ऐकू यायचा.

सरांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिलेला. नाव ठेवलं होतं राखणदार. खरे पत्ते त्याला पाठ करून दिलेले. डिस्कवर एक अक्षर जरी लिहायचं झालं तरी राखणदार आधी यादी ताडून बघायचा. तीनदा!

"सर, एकदा पुरे की हो."

"मी पुरे म्हणीन. ते भूत म्हणेल का?"

त्यामुळे आमच्याकडे फाइल सेव्ह व्हायला युगं लागायची. प्रॉडक्शनचे शिर्के चिडवायचे, "भोईर, तुझा राखणदार जेवायला गेलाय काय रे?" मीही हसायचे. दारावर सरांनी ठसठशीत पाटी लावलेली, बाहेरची फ्लॉपी आत आणू नये. तिलाही मी हसायचे.

आणि माती खाल्ली ती मीच. प्रोबेशनचे तीन आठवडे उरलेले. आईने माझ्या लग्नाचा बायोडेटा काढायचं मनावर घेतलेलं. उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गव्हाळ, नोकरी कायम. "अगं आई, अजून कायम नाहीये," म्हटलं तर म्हणाली, "होशीलच की! शुभ बोल नारी." डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासमधून मी तो फ्लॉपीवर टाइप करून आणला. सर जेवायला गेलेले बघून फ्लॉपी आत सरकवली, तिच्यातलाच टायपिंगचा प्रोग्राम चालवला, तीन चांगल्या प्रती काढल्या आणि शहाण्यासारखी फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

दुपारी शिर्क्यांनी किरमिजी शाईचं प्रमाण बदलायला सांगितलं. मी बदललं, सेव्ह केलं, आणि पीसी असा काही केकाटायला लागला की शिर्के दोन पावलं मागे गेले. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य आलं, "थांब! ओ देणारा वेगळा आहे." क्लासमधल्या त्या प्रोग्रामबरोबर व्हायरस आलेला आणि यादीत पत्ता बदलून बसलेला. ज्या राखणदाराला मी हसायचे, त्याने एक अक्षर खराब होऊ दिलं नाही. पण दोन्ही पीसी बंद करून साफ करणं आलं, म्हणजे अख्खा दिवस मिक्सिंग ठप्प.

मॅनेजर तरातरा आले. "फ्लॉपी कोणी आणली? मला नाव पाहिजे. तो माणूस उद्या कामावर दिसता कामा नये."

प्रिंटरपाशी माझ्या बायोडेट्याची चौथी, वाकडी छापलेली प्रत पडलेली. सरांनी ती उचलली, वाचली, घडी करून खिशात घातली.

"मी आणली," ते म्हणाले.

"तुम्ही? अहो, पाटी तुमचीच ना?"

"हां. माझीच."

एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला काढता येईना, म्हणून मेमो दिला. खोलीची किल्ली काढून घेतली आणि दिली कोणाला, तर मला! रोज सकाळी सर दाराशी उभे राहायचे आणि मी कुलूप उघडायचे. कँटीनमध्ये कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणायचं, "कुंपणानंच शेत खाल्लं हो!" सर बशीत चहा ओतून शांतपणे प्यायचे. आणि मी गप्प. आजही त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

चौथ्या दिवशी न राहवून म्हटलं, "सर, मी साहेबांना खरं सांगते."

"आणि आईला काय सांगशील? त्या कागदावर नोकरी कायम लिहिलंय." मग दाराकडे बघत म्हणाले, "पोरी, हाक मारनाऱ्याचा काय गुना? तू भरवशानं हाक मारलीस, वाटेत भलत्यानंच ओ दिली. पन फ्लॉपी आनलीस ती आनलीसच. गाढव आहेस."

कायमचं पत्र हातात आलं त्या रविवारी पेढे घेऊन मी सरांच्या घरी गेले. तीन खोल्यांचं कौलारू घर, झाडून लख्ख. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुतणे जमीन विकून घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये गेले, असं ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मग "जेवूनच जायचं" म्हणाले आणि "आलोच" करत समोरच्या घरात पळाले. आले ते टॉवेलखाली काहीतरी लपवून. तोवर माझं लक्ष फळीवर गेलेलं. एक ताट, एक वाटी, एक पेला. माझ्यापुढे आलेल्या ताटाच्या काठावर "सौ. ताराबाई म्हात्रे" असं कोरलेलं होतं. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, इतकं सुंदर जेवण मी आजवर जेवले नाही. निघताना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "सर, तुमच्यामुळे माझं घर उभं आहे." ते म्हणाले, "बरं बरं. बस चुकेल."

महिन्याभराने पुन्हा गेले. या वेळी सर समोर पळाले नाहीत. फळीवरून ताट काढलं आणि माझी नजर पडायच्या आत घाईघाईने त्यावर भात वाढला. जेवण झालं, मी मोरीत ताट विसळायला बसले. काठावर बोटांना अक्षरं लागली. धुऊन उजेडात धरलं. भांडेवाल्याने नवीन कोरलेलं, कडा अजून बोचत होत्या. सुलभा. बाकी काही नाही, फक्त माझं नाव.

मी नळ तसाच सोडून रडत बसले. बाहेरून सर ओरडत होते, "अगं, पानी चाललंय वाया!"