शिवराम सरांचा गाळ

शिवराम सर लग्नाला येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत आहेर नसतो, ओला गाळ असतो. येता येता घोड नदीत उतरून उपसलेला. मांडवात बसल्या बसल्या ते तो हुंगतात आणि शेजारच्या पाहुण्याच्याही नाकाशी नेतात.

सर आमचे शेजारी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि महाळुंग्याला येऊन नदीच्या मागं लागले. बायकोच्या, म्हणजे शांताकाकूंच्या, लोणच्याच्या सगळ्या बरण्या गाळानं भरल्या. "पाणी वाहून जातं राव, गाळ समदं धरून ठिवतो," हे त्यांचं पालुपद. मोरचूद, शिसं, फवारणीचं जहर, काही ना काही त्यात सापडायचंच. सापडलं की सर दारोदार भांडत फिरायचे. लोक हसायचे. मला त्या हसणाऱ्यांचा संताप यायचा. नदीला आई म्हणायचं आणि फवारणीचे डबे तिच्यातच विसळायचे, लाज कशी वाटत नाही?

सरांचा सगळ्यात मोठा राग सावडण्यावर. तिसऱ्या दिवशी माणसं राख घेऊन घाटावर आली की हे आडवे. राख शेतात पुरा, वर झाड लावा. मयताची गादी, औषधाच्या बाटल्या नदीत ढकलणाऱ्यांशी तर हातघाईवर यायचे.

मग शांताकाकूच गेल्या. जाताना सांगून गेल्या, मला नदीतच सोडा. सावडायला अख्खा गाव घाटावर जमला, निम्मा तर मजा बघायलाच. सरांनी वाकून मूठभर गाळ काढला, हुंगला. "ह्या घाणीत हिला टाकू?" म्हणाले, आणि राखेचं मडकं घेऊन माझ्या मोटरसायकलवर बसले.

आम्ही नदीच्या कडेनं वर वर जात राहिलो. दिसेल त्या काठाला सर उतरायचे, गाळ हुंगायचे, शिवी हासडायचे, परत बसायचे. डिंभे धरणाच्याही वर, डोंगरात, एका ठिकाणी मात्र त्यांनी गाळ पुन्हा पुन्हा हुंगला.

"हितला चांगला हाय."

मी मडकं पुढं केलं. ते मागं सरकले.

"चांगला हाय तर मी घाण करू व्हय?"

माझं डोकंच फिरलं. काकूंनी जन्मात एक गोष्ट मागितली, ती तरी द्या, असं मी ओरडलो. सर पाण्यात उतरले. चिमूटभर राख सोडली आणि लगेच स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली.

बाकीची राख घेऊन आम्ही माघारी फिरलो. मडकं त्यांनी पोटाशी धरलं होतं. माझ्या पाठीमागं, वाटभर, ते काकूंशी हळू आवाजात बोलत होते. "लई फिरवलं तुला," म्हणत होते. "दमली असशील."