दहा मिनिटांत उतरते

छापील अर्जातला एकही रकाना रिकामा सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. (मी जुनी मॅट्रिक आहे, आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले होते, हे कोणी विचारले नसले तरी सांगून ठेवते.) त्या दिवशीचा सारा घोटाळा या एका मतातून उद्भवला.

आमच्या यजमानांना निवृत्तीनंतर ग्लायडर उडवण्याचा नाद लागला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. इंजिनाचे दुसरे विमान त्याला दोराने ओढून वर नेते, मग दोर सुटतो आणि पुढचे सारे हवेच्या मर्जीवर चालते. (आमच्या घरात यजमानांचे जे चालते, त्याहून हे फारसे निराळे नाही.) परगावी गेल्यावर इतर लोक प्रेक्षणीय स्थळांची चौकशी करतात, हे उड्डाणाच्या मैदानाची करतात. अशी एकोणीस मैदाने झाली होती. विसावे आम्ही तेव्हा गेलो होतो त्या गावाबाहेर होते, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती. त्यामुळे पहाटेपासून हे खिडकीत उभे राहून ढगांकडे असे पाहत होते, की मुलीच्या सासरच्यांकडेही त्यांनी इतक्या अदबीने पाहिले नसेल.

मैदानावरच्या कार्यालयात एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी अर्ज दिला. यजमानांनी तो इतक्या घाईने भरला, की मला राहवले नाही.

"अहो, आणा इकडे. हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग?"

मी त्यांचा अर्ज फाडून टाकला, कोरा मागून घेतला आणि वळणदार अक्षरांत पुन्हा भरला. शेवटी एक रकाना उरला: 'प्रवाशाचे नाव'. रिकामी जागा पाहून माझा जीव कासावीस झाला. मी तेथे स्वतःचे नाव लिहिले. तेवढ्यात भिंतीवरच्या पाटीकडे माझे लक्ष गेले: 'खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.'

"शाबास," मी त्या गृहस्थांना म्हणाले. "अशी शिस्त हल्ली कुठे पाहायला मिळत नाही."

ते प्रथमच हसले. मग अर्ज वाचून म्हणाले, "म्हणजे काकू जाणार. आणि काका खाली थांबणार."

"म्हणजे?" यजमान ताडकन उठले.

"आमच्याकडे पाहुण्याला एकट्याने उडता येत नाही, शिक्षक बरोबर लागतात. विमानात जागा दोन. एक शिक्षकांची, दुसरी प्रवाशाची. प्रवासी म्हणून काकूंचं नाव आहे."

"अहो, मग ते खोडा!" मी म्हणाले.

त्यांनी पाटीकडे बोट दाखवले.

"मग नवा अर्ज द्या," यजमान म्हणाले.

"अर्जाची वेळ अकरापर्यंत. काकूंनी दुसरा दिला तेव्हाच अकराचे ठोके पडले. आणि एक वाजता विमान वार्षिक तपासणीला आत जाणार."

यजमान माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते खुर्चीत बसले, आणि एकदम त्यांच्या वयाचे दिसू लागले.

शिक्षक तरुण आणि काडीसारखे होते. त्यांनीच तोड काढली. "काकू लवकर उतरल्या तर उरलेल्या वेळात काकांना नेतो मी."

"नियमात बसतं का?" मी विचारले. (माझाच स्वभाव, काय करणार!)

चष्मेवाल्या गृहस्थांनी नियमांचे पुस्तक चाळले. "उरलेल्या वेळाला वेगळा अर्ज लागत नाही."

"झालं तर मग!" मी यजमानांना म्हणाले. "दहा मिनिटांत उतरते. तुम्ही टोपी काढूसुद्धा नका."

मला पुढच्या आसनात घालून पाच पट्ट्यांनी आवळण्यात आले. एखादे नाजूक सामानाचे पार्सल असावे, तशी मी दिसत होते. दोर ताणला, मैदान धावू लागले, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोर सुटला होता आणि सगळीकडे इतकी शांतता होती, की आमच्या वाचनालयातही ती मी कधी अनुभवली नव्हती.

समोर एक छोटे यंत्र टुंटुं वाजत होते.

"हे बिघडलं आहे का हो?"

"नाही काकू, आपण वर चढतोय. खालची तापलेली हवा उचलतेय आपल्याला. आज हवा फार छान आहे. दहा मिनिटं होत आली, उतरायचं?"

आता मी प्रामाणिकपणे सांगते. 'उतरायचे' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. परंतु खाली घरांची छपरे कोणीतरी नीट घडी घालून ठेवल्यासारखी दिसत होती, रस्ते पट्टीने आखल्यासारखे होते, आणि इतके व्यवस्थित जग मी आयुष्यात प्रथमच पाहत होते.

"एक फेरी अजून," मी म्हणाले.

मग एक अजून झाली. मग पलीकडे चकाकणारा तलाव दिसला.

"तेवढा तलाव पाहू आणि परतू."

"काकू, पाण्यावर हवा उचलत नाही. आणि काका वाट बघत असतील."

"त्यांनी एकोणीस मैदानं पाहिली आहेत," मी म्हणाले. "मी एकच पाहतेय." (हे वाक्य मीच उच्चारले, याची आजही लाज वाटते. तेव्हा मात्र ते अत्यंत तर्कशुद्ध वाटले होते.)

तलाव सुंदर होता. त्याच्यावर पोहोचताच यंत्राची टुंटुं थांबली आणि ते रडवेला सूर काढू लागले.

"काकू, आता मैदान गाठता येणार नाही."

"मग?"

"ते नांगरलेलं नाही ना, ते शेत. तिथे उतरू."

दोन धक्के बसले, थोडे गवत उडाले, आणि आम्ही शेतात उभे राहिलो. माझ्या घड्याळात एकाला वीस मिनिटे कमी होती. शिक्षकांनी फोन करून जागा कळवली. बांधावर बसून मी यजमानांची क्षमा मागण्यासाठी तीन वाक्ये रचली, आणि तीनही मला अपुरी वाटली.

पाऊण तासाने जीप आली. तिच्यामागे विमान सुटे करून न्यायची लांबलचक रिकामी ट्रॉली होती. चष्मेवाले गृहस्थ चालवत होते, यजमान मागे बसले होते. ते उतरले आणि माझ्याकडे न येता तडक विमानाकडे गेले.

"अहो, ऐका ना. माझं चुकलं."

"थांब गं जरा," ते म्हणाले. "चाक शाबूत आहे!"

शिक्षकांनी शेत पावलांनी मोजले. "विमान सुटं करायला नको. ओढणारं विमान इथे उतरू शकतं, मी बोलावलंय त्याला. पण परत उठायला जागा बेताची आहे, काका. मागे मी बसेन. पुढे चालेल कोणीतरी, पण हलकं हवं."

तिघांनीही माझ्याकडे पाहिले. मग एकाने आकाशाकडे, एकाने चाकाकडे आणि एकाने बांधाकडे पाहिले.

"मी त्रेपन्न किलो!" यजमान ओरडले.

"आणि तपासणी?" मी गृहस्थांना विचारले.

"विमान आलंच नाही तर तपासणार काय? आता ती उद्यावर गेली."

ओढणारे विमान आले. यजमान आसनात असे शिरले, जणू वय वर्षे दहा. "अगं, मैदानावरून कोणीही उडतं! या शेतावरून आजवर कोणी उडालं असेल का?" विमान उठले, शेताच्या कुंपणावरून पार झाले, आणि वरून एक हात बराच वेळ हलत राहिला. माझी तीन वाक्ये तशीच राहिली. त्यांची कोणाला गरजच नव्हती.

चष्मेवाल्या गृहस्थांनी अदबीने जीपचे दार उघडले. मी पुढे बसू लागले, तोच ते खाकरले.

"काकू, रागावू नका. ट्रॉली रिकामी असली की गाडी फार उसळते. येताना काका मागे होते, त्यांचा काही उपयोग झाला नाही. तुम्ही मागे बसता का? बरोब्बर चाकावर?"

मी बसले. गाडी संपूर्ण रस्ताभर एकदाही उसळली नाही.