अठरा गणपती आणि एक जितडा

मुलीला पॉकेटमनी द्यायचा निर्णय मी कासू स्टेशनात घेतला. गाडी क्रॉसिंगला थांबली होती (माझ्या आयुष्यातले बहुतेक चुकीचे निर्णय कासूच्या क्रॉसिंगलाच झालेले आहेत) आणि आमच्या अकाउंट्सचे हैबतराव सांगत होते, की मुलाला महिन्याची ठरावीक रक्कम बांधून दिल्यापासून तो फार जबाबदार झालाय. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला क्लार्क. वॉशर गेला तरी त्याची नोंद ठेवणारा माणूस. माझ्याच पोरीला पैशाचं वळण नसावं, हे मला लागलं.

पेणला घरी पोचल्यावर मी कंपनीत काढतात तसं सर्क्युलर काढलं. मैनाला, वय वर्षे पंधरा, दरमहा रुपये पन्नास. कलम एक: पैसे कशावर घालवायचे ते तिने ठरवायचं, बापाने मध्ये बोलायचं नाही. कलम दोन: अॅडव्हान्स मिळणार नाही. कलम तीन: पावतीशिवाय खर्च धरला जाणार नाही, आणि दर रविवारी वही तपासून मी सही करणार. शिवाय वर एक व्याख्यान दिलं. हातात रोख नसली तर वस्तू देऊन काम भागवावं, परसातले नारळ देऊन मी घराची कौलं कशी शेकारून घेतली, वगैरे. मैना सगळं वहीत उतरवून घेत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जानेवारी ते मे या पाच महिन्यांत तिने अकरा रुपये खर्च केले. मी कंपनीत चार जणांना वही दाखवली. आणि जूनच्या पहिल्या रविवारी ती गाडीने जिते गावी, मूर्तींच्या कारखान्यांत गेली आणि दुपारी टेम्पोतून अठरा गणपती घेऊन आली.

कच्चे गणपती. म्हणजे नुसते साच्यातून काढलेले, रंग नाही, डोळे नाहीत. बारा रुपयाला एक, एकूण दोनशे सोळा, टेम्पोवाला मैत्रिणीचा मामा म्हणून फुकट. उरलेल्या तेवीस रुपयांत रंग आणायचे, घरी रंगवायचे आणि चतुर्थीच्या आधी पस्तीसला एक विकायचा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने कलम एकवर बोट ठेवलं. मी तोंड मिटलं.

माझी बायको हौसा मात्र कुठल्याच कलमात बसत नव्हती. पुढच्या खोलीत ओळीने बसलेल्या अठरा मूर्तींना तिने हात जोडले आणि जाहीर केलं, की आता हे घरातून जाईपर्यंत मासळी बंद.

आता आमच्यासारख्या खाडीकाठच्या माणसाला हे कसं सांगावं. आषाढ तोंडावर. आषाढ गेला की श्रावण, म्हणजे तसंही बंद. श्रावण गेला की गणपती. म्हणजे आता खाल्लं नाही तर एकदम भाद्रपद निम्मा सरल्यावर. त्यात पावसात समुद्राची मासळी नसते, तेव्हा आमच्याकडे तळ्यातला जितडा निघतो. जितड्याच्या रश्शाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण मला पुढचं लिहायचं आहे.

पाच आठवडे मी वालाची उसळ खाल्ली. मैना संध्याकाळी पितांबरं रंगवायची आणि मी समोर बसून मूर्तींकडे बघायचो. खरं सांगतो, पोरीचा हात बघून मला अभिमान वाटला. पोट मात्र वेगळंच बोलत होतं.

आषाढाचा शेवटचा रविवार उरला, तेव्हा मी वकील आणला. गोविंदा माझा शाळेतला दोस्त, मूर्तींचा कारखाना आहे त्याचा, तीस वर्षं याच कामात. गुरुवारी त्याला चहाला बोलावलं आणि हौसासमोर प्रश्न टाकला.

"वहिनी, डोळे आखल्याबिगर देव नाय," गोविंदा म्हणाला. "तवर माती. आमी कारखान्यात कच्च्या मूर्तींच्या बाजूला बसून बोंबील खातो."

हौसाने विचार केला आणि म्हणाली, "मंग आणा रविवारी." मला गोविंदाला मिठी मारावीशी वाटली. निघताना तो मैनाशी दारात बराच वेळ बोलत उभा होता. रंगकामाचं कौतुक करत असेल, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी सहाला मी बाजारात. अडीच किलोचा जितडा, भाव सांगत नाही (हौसाला अजून माहीत नाही). पावसातून पिशवी छातीशी धरून घरी आलो तर गोविंदा पुढच्या खोलीत मांडी घालून बसलेला, हातात बारीक ब्रश. सतरा गणपती माझ्याकडे बघत होते. अठराव्याचा डावा डोळा चालू होता.

मी दारातच उभा राहिलो. हौसाने पिशवीकडे बघितलं, मग मूर्तींकडे, मग मला सांगितलं, "आता हा घरात नाय यायचा. तुमचाच दोस्त बोलला ना."

मैनाने मला शांतपणे समजावलं. आखणीचा भाव मूर्तीला पाच रुपये, म्हणजे नव्वद. रोख संपलेली, जून-जुलैचे पैसेही रंगांतच गेलेले, डोळ्यांशिवाय मूर्ती विकली जाणार नाही आणि अॅडव्हान्स तर मिळत नाही. म्हणून तिने गोविंदाकाकांशी गुरुवारीच वस्तूवर ठरवलं होतं. "बाबा, तुमीच सांगितलेलं, कौलांचं."

"कुठली वस्तू?" मी विचारलं. गोविंदा माझी नजर चुकवून पिशवीकडे बघत होता.

जितडा शेजारच्या शकूवहिनींच्या चुलीवर शिजला. वास भिंतीवरून येत राहिला. शकूवहिनींनी मला हाक मारून बघितली, पण हौसाने सांगून ठेवलं होतं, की ज्याने तोंड लावलं त्याचं अंथरूण चतुर्थीपर्यंत पडवीत. दुपारी डबा गोविंदाच्या घरी पोचवायला मलाच जावं लागलं. वाटेत काही करता आलं असतं, पण मैना बरोबर होती. तिला पावती हवी होती.

गोविंदा जेवला. मी समोर बसलो. त्याने डोक्याचा भाग चोखून चोखून खाल्ला, बोटं चाटली आणि पावतीवर सही केली.

संध्याकाळी वही माझ्यासमोर आली. आखणी: रोख शून्य. जितडा एक, बाबांकडून. नोंद बरोबर, पावती जोडलेली, एक चूक नाही. मी सही करायला हात पुढे केला आणि घमघमाट आला. डब्याचं झाकण वाटेत सैल झालं होतं, उजव्या बाहीला दोन बोटं रस्सा लागला होता. आषाढातला माझ्या वाट्याचा जितडा तेवढाच. मी हळूच बाही नाकाशी नेली.

हौसाने ते बघितलं आणि शर्ट काढून परसात ठेवायला सांगितला. बनियनवर बसून मी सही केली.