हिरड्यांची साक्ष

तंबाखू सोडायचं मी ठरवलं, तेही खुटबावला, सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, देव्हाऱ्यासमोर बेलभंडारा उचलून. (सासूबाईंनी जेवणच असं घातलं होतं, की मी काहीही कबूल केलं असतं.) दुसऱ्या दिवसापासून कारेगावच्या कंपनीत, स्टोअरच्या काउंटरमागं, मी तंबाखूऐवजी दालचिनीचं च्युइंगम चघळू लागलो.

थोड्याच दिवसांत हिरड्या लालभडक होऊन सुजल्या. ब्रश लावला की रक्त! बायकोनं, म्हणजे सवितानं, माझा जबडा धरून उजेडाकडं वळवला.

"खाल्ली ना?"

"न्हाई गं! शप्पथ!"

"शपथंचं नाव काढू नका. भंडारा उचलून खोटं बोलता? आबांना काय सांगू मी?"

हिरड्यांपेक्षा हे जास्त झोंबलं. कधी नव्हे तो मी खरं बोलत होतो आणि घरात कुणाला पटत नव्हतं. मग निश्चय ढळू नये म्हणून मी दुप्पट च्युइंगम खाऊ लागलो. हिरड्याही दुप्पट सुजल्या.

शेवटी सवितानं शिरूरला डॉक्टर गौतमींकडं नेलं. काय बाई आहे! बायकोचा आरोप ऐकला, माझी कैफियत ऐकली आणि दोन्ही बाजूला ठेवून हिरडीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रक्तही तपासलं. मी तर तिथंच त्यांचा भक्त झालो.

रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "हे तंबाखूनं झालेलं नाही. दुर्मिळ अ‍ॅलर्जी आहे. तोंडात नवीन काय जातंय?"

"काहीच न्हाई, मॅडम."

"पेस्ट? सुपारी? मसाला?" बोलता बोलता त्या थांबल्या. "दालचिनीचा वास कुठून येतोय?"

मी मूठ उघडली. तंबाखूवाल्याची जुनी रीत, मोठ्या माणसासमोर जाताना तोंड रिकामं करायचं. च्युइंगम थुंकणं जिवावर आलं, म्हणून दोन्ही वेळा ते मुठीत धरून बसलो होतो.

"हे तर तंबाखू सोडायचं औषध हाय," मी म्हणालो.

"आणि ते तोंडातच जातं ना?"

च्युइंगम बंद झालं, हिरड्यांना लावायला मलम मिळालं आणि हळूहळू त्या पूर्ववत झाल्या. सवितानं डोळे पुसत खुटबावला फोन लावला. मी तो मुद्दाम स्पीकरवर ठेवायला लावला आणि ताठ बसलो.

"आबा, तंबाखू नव्हतीच! ह्यांनी शपथ पाळली!"



"लई हुशार डॉक्टरीण," आबा म्हणाले. "पण पाव्हणं, तुम्ही खरं बोलता हे कळायला तुमचा तुकडा कापून लॅबला धाडावा लागतो, म्हंजी बघा!"