जोडीची लेन्स

आमच्या तहसिलीतले वाघमारेबाबू बाजारात वांगंसुद्धा कानाला लावून बघतात. वांगं त्यांना काय सांगतं, ते त्यांनी कधी उघड केलं नाही; पण बाबू येताना दिसले की आदिलाबादच्या भाजीवाल्या टोपल्यावर पोतं ओढतात. "तहकीकात झाल्याबिगर हात लावायचा नाई," हे बाबूंचं ब्रीद. त्यांच्या टेबलावर गेलेली फाइल लवकर परत येत नाही, आणि दुकानात गेलेले बाबूही.

अशा माणसाला निवृत्तीच्या तोंडावर जुना कॅमेरा घ्यायची हुक्की आली. रोल घालायचा, रेंजफाइंडर. त्यात डोळा लावला की समोरचा माणूस आधी दोन दिसतो. लेन्सचं कडं फिरवत दोन्ही आकृत्या एकावर एक आणायच्या, मगच बटण दाबायचं. दफ्तर पोट धरून हसलं. मोबाइल असताना हे कशाला, असं साहेबांनीही तेलुगूत विचारलं. मोबाइलला घाई लई, एवढंच बाबू म्हणाले.

कॅमेरा सापडला निर्मल गावातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत. बाबूंनी तो कानाला लावला, हुंगला, टॉर्च मारून आत बुरशी शोधली. प्रकृती ठणठणीत निघाली. पण वरची लेन्स भलत्याच घराण्यातली. बसायची नीट, आकृत्या मात्र जुळू द्यायची नाही. झालं! जोडीच्या लेन्ससाठी बाबूंनी मला बसमध्ये घालून थेट नागपूरला नेलं. तिथल्या दुकानदाराला त्यांनी लेन्सचा आधीचा मालक कोण, तो तिला कपाटात ठेवायचा की पेटीत, त्यानं ती विकली काऊन, पावसाळा तिला सोसतो का, असं सगळं विचारलं. शेवटी दुकानदारानं हात जोडले.

"बाबूजी, लेन्स ले रहे हो या दामाद?"

बाबू गंभीरपणे म्हणाले, "दोनों में वापसी नहीं होती."

पुढच्या रविवारी त्यांनी मला मावला गावातल्या आपल्या घरी बोलावलं. पहिला फोटो बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, काढणार म्हणाले. मला नवलच वाटलं. लकवा येऊन गेल्यापासून वहिनींचं तोंड एका अंगाला जरासं ओढलेलं आहे. तेव्हापासून त्या कुणाला फोटो काढू देत नाहीत. पुतणीच्या लग्नात मोबाइल वर झाले की त्या पाणी आणायच्या निमित्तानं उठायच्या.

वहिनी अंगणात खुर्चीवर बसल्या. बाबूंनी डोळा लावला, कडं फिरवलं. परत फिरवलं. वहिनींनी पदर सारखा केला, सोडला, पुन्हा घेतला. ओठ मिटून पाहिले. मान थोडी वळवली. ते काही पटलं नसावं, परत समोर आणली. बाबूंचं कडं चालूच. माझा चहा गार झाला. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"बाबू, दाबा ना आता. काय पाहून राह्यले?"

कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ते हळूच म्हणाले, "आपलं कवाचंच जुळलं, भाऊ. तिचं होऊ द्या."

थोड्या वेळानं वहिनींनी हात मांडीवर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"हं. काढा."

बारीकसा आवाज झाला. संपलं म्हणून मी उठलो. वहिनी बसूनच होत्या.

"आनखी एक काढता काय?" त्यांनी विचारलं.