रामातात्यांची कळ

अंतरपाट धरलेला माणूस मंगलाष्टकं चालू असताना मटकन खाली बसला, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ते आमचे कडावचे शेजारी रामातात्या. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. तात्यांना कळ आली, ते बसले, त्यांच्याबरोबर अंतरपाटाचं एक टोकही बसलं आणि नवरा-नवरीनं एकमेकांना आधीच पाहून घेतलं.

"अहो, मुहूर्त व्हायचाय अजून!" भटजी ओरडले.

"मंग बघू द्या की तवर," तात्या खालूनच म्हणाले. "जल्मभर बघायचंच हाय."

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी कडावच्या शाळेत मास्तर होतो. तात्या विधुर. थोडं भातशेत, दोन म्हशी आणि ही कळ, एवढाच त्यांचा संसार. कळेला वेळकाळ नसे. ती आली की तात्या असतील तिथं आडवे होत. बांधावर, देवळाच्या पायरीवर, एकदा तर माझ्या वर्गात, पाढे चालू असताना. "चालू द्या मास्तर, कळंला पाडं कळत नाय," म्हणाले.

उपाय सगळे झाले. खालापूरच्या वैद्यांचे काढे झाले. ठाकूरवाडीच्या भगतानं कोंबडा ओवाळला. कोंबडा गेला, कळ राहिली. शेवटी भाचेजावयानं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं आठ दिवस ठेवून घेतलं, पण आठही दिवस कळ फिरकली नाही. डॉक्टर म्हणाले, "काही नाही तुम्हाला." परत येताना कर्जतला गाडीतून पाय खाली टाकला आणि तात्या फलाटावरच आनंदानं ओरडले, "आली! आली! चला रं मागारी, डाक्टराला दावू!"

गावानं हा किस्सा वर्षभर पुरवला. तात्यांची नक्कल करण्यात मी पहिला होतो, हे आज कबूल करतो.

मग एका लावणीच्या दिवसांत पलीकडच्या घरची नवी सून, येसू, चिखलातच पोट धरून बसली. चौथ्यांदा. सासू बांधावरून म्हणाली, "ढोंग हाय समदं! उद्या म्हायेरी धाडते, कायमची."

तात्या आपलं शेत सोडून आले. येसूसमोर चिखलातच उकिडवे बसले.

"कुठं दुखतं गं? टोचतं का पिळतं?"

"पिळतं."

"पाठीत जातं?"

"जातं." इतकं म्हणून पोरगी रडायलाच लागली.

तात्यांनी बैलगाडी जुंपली, सासूला पुढं घातलं, मलाही घेतलं आणि येसूला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. सासू बाहेर बसली. आत डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "मला तरी काही सापडत नाही." तात्या बाहेर येऊन सासूला म्हणाले, "डाक्टर बोलला, दुखनं खरं हाय. पंधरा दिस चिखलात पाय नाय घालायचा. आन् म्हायेरी धाडलीस तर वाटंतच जीव जाईल, तुझ्यावर येईल."

सासूचा चेहरा उतरला. तिनं आपला पदर काढून येसूच्या डोक्यावर धरला. बाहेर भुरभुर चालू होती.

पंधरा दिवसांत येसू हिंडूफिरू लागली. तिचं दुखणं पुन्हा अधूनमधून यायचं, पण ढोंग हा शब्द त्या घरात नंतर कुणी काढला नाही.

त्या दिवशी त्या दोघींना घरी सोडल्यावर गाडीत आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "तात्या, डॉक्टर तसं काहीच म्हणाले नव्हते."

"नव्हते."

"मग तिचं खरंच दुखतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय ठाव, मास्तर?" ते बैलांकडे बघत राहिले. "पर कुठं दुखतं म्हून तिला कुनी इचारलंच नवतं. मला बी नाय इचारत. लोक इचारत्यात, आज कुठं पडलास."

इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण तो प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"तात्या," मी म्हणालो, "तुमचं नेमकं कुठं दुखतं?"

त्यांनी गाडी थांबवली. माझा हात धरला आणि सदऱ्यावरून डाव्या बरगडीखाली नेऊन टेकवला.

"हितं," ते म्हणाले.